पुढच्या तारखेला तुम्हीच याल ना?

प्रति,
माननीय अध्यक्ष,
बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा,
मुंबई

महोदय,



माजिवडा नाक्यावर उड्डाणपुलाखाली संध्याकाळी सव्वासहाला एक पांढरी गाडी थांबायची. तीन वर्षे मी त्या गाडीने ऐरोलीला कामाला गेले. त्याच नाक्यावरून सकाळी रिक्षा धरायची आणि कॅडबरी जंक्शन, खोपट मागे टाकत कोर्ट नाक्याला उतरायचे, हे गेली नऊ वर्षे चालू आहे. दोन्हीकडे मी गेले ती वकील म्हणूनच. सनद नसती तर दोन्हीकडे मला कोणी उभे केले नसते. तरी त्या नऊ वर्षांतल्या कोर्टाच्या कागदांत किंवा त्या तीन वर्षांतल्या कंपनीच्या कागदांत माझे नाव शोधायला गेलात तर फारसे सापडणार नाही. हे पत्र त्या न सापडणाऱ्या नावांबद्दल आहे. त्यात माझ्या एकटीचेच नाव नाही.

२०१६ साली आपल्या कौन्सिलची सनद मिळाली. घरात पहिलीच वकील, त्यामुळे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन माजिवडा गावात घरोघर जाऊन आले. पुढे काय होते ते आमच्या व्यवसायातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात बसायला खुर्ची मिळाली. काम शिकायला मिळाले, त्याबद्दल मी आजही ऋणी आहे. पैसे मात्र पहिले वर्षभर मिळाले नाहीत आणि दुसऱ्या वर्षी मिळाले ते रिक्षा आणि झेरॉक्समध्ये संपले. मग मी सुटी कामे घेऊ लागले. एका साहेबांची हजेरी, दुसऱ्यांचा मुदतीचा अर्ज, तिसऱ्यांची पुरसीस. ही कामे करणाऱ्या माणसाला आपल्याकडे नीट नावसुद्धा नाही. कोणी प्रॉक्सी म्हणते, कोणी नुसते 'हजेरीवाली' म्हणते. काम असे चालते: आदल्या रात्री मोबाइलवर निरोप येतो, त्यात कोर्ट नंबर, केस नंबर आणि दोन शब्द, 'तारीख घेणे'. ठाण्यातल्या हजेरीला मला पाचशे रुपये मिळतात, कल्याण, भिवंडी किंवा उल्हासनगर असेल तर आठशे, प्रवास त्यातच. हिशेब महिन्याने होतो, कधी तीन महिन्यांनी. माझ्या नावाची वकीलपत्रे हाताच्या बोटांवर मोजता येतील. हजेऱ्या हजाराच्या वर गेल्या आहेत.

एका हजेरीबद्दल सविस्तर लिहिते, कारण ती डोक्यातून जात नाही.

घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालचे प्रकरण होते. अर्जदार मुंब्र्याच्या एक बाई, पंचेचाळिशीच्या आसपासच्या. त्यांचे वकील त्या दिवशी दुसऱ्या कोर्टात होते, म्हणून मी. फाईल माझ्याकडे नव्हती, फक्त निरोप होता. पुकारा झाला. समोरच्या वकिलांनी मुदत मागितली. न्यायाधीशांनी माझ्याकडे बघून विचारले, 'अंतरिम पोटगी किती थकली आहे?' मला माहीत नव्हते. मी म्हणाले, सर, मी वतीने उभी आहे, पुढच्या तारखेला सांगते. दीड महिन्याची तारीख पडली. रोजनाम्यात 'अर्जदारातर्फे वकील हजर' असे लिहिले गेले, आणि ते खरेच होते.

बाहेर व्हरांड्यात त्या बाई माझ्याजवळ आल्या. मी त्यांची वकील आहे हे त्यांना पुकारा झाल्यावर कळले होते. त्या माझ्या अशील आहेत हे मलाही तेव्हाच कळले होते. त्यांनी पिशवीतून प्लास्टिकचे पाकीट काढले. आत दोन घड्या घातलेला कागद. नवऱ्याने कोणत्या महिन्याला किती दिले, किती दिले नाही, सगळे त्यांच्या मुलीने शाळेच्या वहीच्या पानावर ओळीने लिहून दिले होते. अकरा महिने थकले होते. तो कागद घेऊन त्या माझ्या मागच्या बाकावर बसल्या होत्या, चार हातांवर.

'मॅडम, पुढच्या तारखेला तुम्हीच याल ना?' त्यांनी विचारले.

मी हो म्हणाले. पुढच्या तारखेला मी भिवंडीला होते.

अध्यक्ष महोदय, या प्रकारात दोष कोणाचा ते मला अजून ठरवता आलेले नाही. ज्यांनी मला पाठवले त्यांच्याकडे त्या दिवशी तीन कोर्टांत पाच प्रकरणे होती आणि कामाची माणसे नव्हती. माझ्याकडे काम होते, पण प्रकरण नव्हते. एका माणसाचा खटला आणि त्याच्यासाठी उभा राहणारा वकील यांच्यात पाचशे रुपयांचे एक सकाळभराचे नाते असते तेव्हा असेच घडणार. त्याची किंमत आम्ही भरतो त्यापेक्षा कितीतरी जास्त अशील भरतात, हे मला आपल्यापुढे आधी मांडायचे होते. वकिलांची गाऱ्हाणी कौन्सिलकडे पुष्कळ येत असतील. मुंब्र्याच्या बाई कौन्सिलकडे येणार नाहीत.

आता दिव्याहून येणाऱ्या एका मुलीबद्दल. तिची तात्पुरती नोंदणी २०२३ ची. तिला न्यायाधीश व्हायचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी निकाल दिला की कनिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी. ही वर्षे तात्पुरत्या नोंदणीपासून मोजायची, म्हणजे बार परीक्षेच्या निकालाची वाट बघण्यात गेलेला काळही धरला जातो. हे चांगलेच झाले. कोर्टाचा व्हरांडा न पाहिलेल्या माणसाने न्यायासनावर बसू नये, असे मलाही वाटते. पण ही तीन वर्षे सिद्ध कशी करायची? त्या न्यायालयाच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र आणायचे, किंवा दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे, आणि त्यावर पुन्हा न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा.

ही मुलगी आठवड्याला बारा-पंधरा हजेऱ्या करते, सात वेगवेगळ्या वकिलांसाठी. त्यातल्या तिघांना तिने विचारून पाहिले. तिघेही चांगले बोलले, आणि तिघांचे उत्तर एकच: तू माझी ज्युनिअर कुठे आहेस? त्यांचे म्हणणे चूक नाही. तिने त्यांच्या एकेका प्रकरणात एकेक दिवस काढला आहे. तिची तीन वर्षे सातजणांत वाटली गेली आहेत आणि कोणाकडेच ती एक वर्षसुद्धा नाही. रोजनाम्यात तिचे नाव नाही, वकीलपत्रावर सही नाही, पैसे कधी रोख तर कधी मोबाइलवर. जी मुलगी खरोखर रोज कोर्टात असते तिला कोर्टात असल्याचा पुरावा मिळत नाही. एखाद्या मोठ्या ऑफिसात नुसते नाव लावून घरी अभ्यास करणाऱ्याला मात्र तो पुरावा एका सहीत मिळू शकतो.

आम्ही कोणाचे कोण, हा प्रश्न कायद्यानेही आजवर असाच मोकळा ठेवला आहे. केरळच्या एका प्रकरणात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की वकिलांचे कार्यालय हे दुकाने आणि व्यापारी आस्थापनांच्या कायद्यातली आस्थापना नव्हे. वकिली हा धंदा नाही, या भूमिकेतून ते आले आहे आणि त्या भूमिकेचा मला अभिमान आहे. पण त्याबरोबर तासांची मर्यादा, सुट्टी, हिशेबाची चिठ्ठी हे सगळेही दाराबाहेर राहिले. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की बार कौन्सिल आणि वकील यांच्यात मालक-नोकर असे नाते नाही, त्यामुळे लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याखालची अंतर्गत समिती वकिलांसाठी नेमण्याचे बंधन कौन्सिलवर येत नाही. शिस्तभंगाच्या तक्रारीची वाट मोकळी आहे. जिला कोणी नेमलेले नाही अशा मुलीने रात्री नऊला एखाद्या ऑफिसात फाईल पोचवायला जायचे असते, तेव्हा हा निकाल मला आठवतो. दुसरीकडे बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरात ज्युनिअरला दरमहा वीस हजार आणि ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. नेमणुकीचे पत्र द्यावे, असेही त्यात आहे. ते सक्तीचे नाही, आणि सक्ती करा असे मी म्हणणार नाही. कोर्ट नाक्याच्या आसपास एका टेबलावर वकिली करणाऱ्या कितीतरी लोकांना स्वतःच्या घरासाठीच वीस हजार सुटत नाहीत. पण नेमणुकीच्या पत्राला पैसे पडत नाहीत.

रात्रीच्या कामाचे सांगायचे राहिले.

ऐरोलीच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर आम्ही साठेक वकील संध्याकाळी सातला संगणकापुढे बसायचो, पहाटे तीनला उठायचो. अमेरिकेत एखाद्या कंपनीवर दावा लागला की तिला तिच्या जवळचे कागद समोरच्या पक्षाला दाखवावे लागतात. कागद म्हणजे लाखो ईमेल. त्यातला प्रत्येक कोणीतरी उघडून वाचायचा आणि त्यावर खूण करायची: दाव्याशी संबंधित, असंबंधित, वकील-अशील गोपनीय. या कामाचा धंदा मुंबईत उभा राहिला त्याला वीस वर्षे होऊन गेली. पँजिया-थ्री ही त्यातली गाजलेली कंपनी २००४ साली सुरू झाली आणि २०१० मध्ये थॉमसन रॉयटर्सने विकत घेतली. अमेरिकन बार असोसिएशनने २००८ मध्येच मत दिले होते की योग्य देखरेख ठेवून असे काम बाहेर पाठवायला हरकत नाही. मी ज्या कंपनीत होते तिचे नाव इथे घेत नाही, कारण मला तिच्याशी भांडायचे नाही.

आमचा वेग ताशी पन्नास कागदांचा. पगार नव्हे, 'प्रोफेशनल फी', तासावर. दहा टक्के टीडीएस कापून पैसे यायचे. आयकर खात्याच्या लेखी मी स्वतंत्र व्यावसायिक होते. कंपनीच्या तक्त्यात मी एक 'रिसोर्स' होते, नावापुढे क्रमांक. काम प्रोजेक्टपुरते. एकदा मध्यरात्री पावणेदोनला पडद्यावर निरोप आला की दाव्यात तडजोड झाली आहे, सगळ्यांनी लॉग-आउट करावे. बाहेर पाऊस होता आणि गाड्या तीनच्या आधी निघणार नव्हत्या. आम्ही साठजण खाली लॉबीत बसून राहिलो. उद्यापासून काम नाही, हे कोणी बोलून दाखवले नाही.

हे काम वकिली आहे की नाही? मला ते वकिलीच वाटले. एखाद्या ईमेलमध्ये कंपनीच्या वकिलाला प्रत पाठवली आहे म्हणून तो गोपनीय होत नाही. जेवणाच्या आमंत्रणालाही लोक वकिलाला प्रत पाठवतात. उलट तीस ईमेलांच्या माळेत बाविसाव्या ईमेलमधली एक ओळ खरा कायदेशीर सल्ला असते, आणि ती निसटली तर अशिलाचे रहस्य समोरच्याच्या हातात जाते. हे ओळखायला कायदा वाचलेलाच माणूस लागतो. पहाटे दोन वाजता, दोनशे ऐंशीव्या कागदावर, मी ते ओळखत होते. न्यायालये मात्र याकडे वेगळ्या नजरेने बघतात. न्यूयॉर्कमधल्या संघीय अपील न्यायालयापुढे २०१५ मध्ये असेच काम ताशी पंचवीस डॉलरवर करणाऱ्या एका कंत्राटी वकिलाचे प्रकरण आले. त्याचे म्हणणे होते, मला जादा तासांचे पैसे द्या. मालकांचे म्हणणे, तू वकिली करतोस, वकिलाला ओव्हरटाइम नसतो. न्यायालयाने सांगितले की यंत्रानेही करता येईल इतके ठरीव काम हा करत असेल तर ती वकिली म्हणता येणार नाही, आणि त्याचा दावा पुन्हा उभा केला. ओव्हरटाइम मागण्यासाठी त्या माणसाला आपण वकिली करत नव्हतो असे सिद्ध करावे लागणार होते. कायदा शिकलेल्या माणसावर ही वेळ यावी, याचे मला फार वाईट वाटले. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १३ मार्च २०१८ च्या निकालात अशा सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांबद्दल म्हटले की मूळ गाभ्यात ते काम वकिलीचे नसेल तर वकिली कायदा त्यांना लागू होत नाही.

इथे आमची कोंडी होते. काम वकिलीचे नाही असे धरले तर ती दुसरी नोकरी ठरते, आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४९ वा नियम सांगतो की वकिली चालू ठेवून पूर्णवेळ पगारी नोकरी करता येणार नाही. वकिलीचे आहे असे धरले तर ते अनुभवात का मोजले जात नाही? माझ्याबरोबरच्या साठजणांतल्या बहुतेकांना हीच धास्ती होती. कोणी घरी सांगत नसे, कोर्टात तर नाहीच. सकाळी डोळे लाल का, असे कोणी विचारले की आम्ही बाळाचे नाव सांगायचो. मला मूल नाही.

धास्तीपोटी मी नियम स्वतः वाचले, आणि ते फार आधी वाचायला हवे होते. ४९ व्या नियमाच्या थोडे पुढे ५१ वा आहे. वकिलाने मोबदला घेऊन विधेयके तपासावीत, कायद्याची पुस्तके संपादित करावीत, वर्तमानपत्राचा मजकूर कायद्याच्या नजरेने तपासून द्यावा, विद्यार्थ्यांना शिकवावे, याला तो मोकळीक देतो. म्हणजे कागद वाचून त्यावर कायदेशीर नजर टाकण्याचे पैसे घेणे आपल्या व्यवसायाला परके नाही. त्यापुढचा ५२ वा नियम तर थेट आपल्याकडे बोट दाखवतो: कामाचे स्वरूप वकिलीच्या आड येत नाही आणि व्यवसायाच्या प्रतिष्ठेला बाधक नाही असे राज्य कौन्सिलचे मत झाले, तर तिच्या संमतीने वकिलाला अर्धवेळ काम करता येते. दिल्लीला जायला नको, संसदेत जायला नको. हा अधिकार फोर्टमधल्या आपल्या कार्यालयात आहे. तास मोजून परवानगी देण्याची पद्धतही जुनी आहे. कायदा शिकवणाऱ्या वकिलांसाठी केंद्राने १९७९ मध्ये नियम केले, त्यात दिवसाला तीन तासांची मर्यादा घालून दिली.

आणि पोटासाठी दुसरे काम करत वकिली सांभाळणे यात कमीपणा तरी कुठला? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली तेव्हा प्रकरणे सहज येत नव्हती. १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सीच्या संस्थेत व्यापारी कायदा शिकवायला जात होते. मी त्यांच्याशी तुलना करत नाही. एवढेच सांगते की रात्रीच्या गाडीत बसताना मला लपावेसे वाटत होते, आणि लपण्याचे काही कारण नव्हते.

तेव्हा मागणे असे. ५२ व्या नियमाखाली तासावरच्या कायदेशीर कामासाठी एक साधा अर्ज आणि त्याची एक वेळमर्यादा कौन्सिलने ठरवावी, म्हणजे लोक लपून करतात ते उघड करतील. कोणते तास चालतील, किती चालतील, कोर्टाच्या वेळात काय चालणार नाही, हे आपण ठरवा, आम्ही पाळू. आणि हजेरीची नोंद. जो वकील दुसऱ्याला वतीने उभे करतो त्याने एक चिठ्ठी द्यावी, कौन्सिलने ठरवून दिलेल्या नमुन्यात: प्रकरण क्रमांक, तारीख, उभ्या राहणाऱ्याचे नाव आणि सनद क्रमांक, प्रकरणाची स्थिती चार ओळींत, आणि ठरलेली रक्कम. त्या चार ओळींत 'अकरा महिने थकबाकी' एवढे लिहिलेले असते तर त्या दिवशी मी गप्प उभी राहिले नसते. अशा चिठ्ठ्यांची तीन वर्षांची थप्पी कौन्सिलच्या शिक्क्याने घेऊन दिव्याची मुलगी प्रमुख न्यायिक अधिकाऱ्यांपुढे गेली तर प्रमाणपत्र द्यायचे की नाही हे ठरवायला त्यांच्या हातात काही असेल. आज त्यांच्या हातात तिचा शब्द आहे.

हे लवकर व्हायला हवे. रात्रीचे काम आटत चालले आहे. संगणकाने कागद चाळण्याला न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१२ मध्येच मान्यता दिली होती, आणि आता जी यंत्रे आली आहेत ती साठजणांचे काम सहाजणांवर आणतील. ते वकील परत कोर्ट नाक्यावर, कल्याणला, भिवंडीला येतील आणि पाचशेची हजेरी चारशेला करतील.

मी २०१९ पासून एक वही ठेवली आहे. तारीख, न्यायालय, प्रकरण क्रमांक, कोणाच्या वतीने, काय झाले, मिळाले किती, बाकी किती. तिच्या एका पानाची छायाप्रत सोबत जोडली आहे. पक्षकारांची आणि वकिलांची नावे कागद चिकटवून झाकली आहेत. ही नोंद अनुभव म्हणून धरली जाईल का, आणि धरली जाणार नसेल तर कशी ठेवली म्हणजे धरली जाईल, एवढे लेखी कळवावे अशी विनंती आहे. चौदावी ओळ मुंब्र्याच्या बाईंची आहे. 'काय झाले' या रकान्यात मी त्या दिवशी फक्त 'तारीख' असे लिहिले होते. बाजूला पेन्सिलीने ११ लिहिलेले दिसेल. ते नंतर लिहिले आहे.

आपली नम्र,
माजिवडा, ठाणे (पश्चिम) येथील एक वकील

(नाव आणि सनद क्रमांक कौन्सिलकडे पाठवलेल्या प्रतीवर दिले आहेत.)